मासे पकडायला कोणाला शिकवताय?

प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू झाला की वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती वस्तीत) दोन गोष्टी ठरलेल्या असतात. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना, आणि रविवारी गरिबांसाठी जमणाऱ्या पैशांचं करायचं काय यावर भांडण. यंदाचं भांडण जरा जास्तच रंगलं. एका बाजूचं म्हणणं, पाड्यांवर दरमहा जाणारी शिध्याची पिशवी चालू राहिलीच पाहिजे. ‘मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत’ हे प्रभूचे शब्द आहेत, त्यात जर-तर कुठे आहे? दुसऱ्या बाजूला तरुण जास्त. त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं पिशव्या वाटून एक घर तरी वर आलं का? आता पिशवी बंद करा, शिलाई मशीन घ्या, प्रशिक्षणाचे वर्ग काढा. आणि मग ते वाक्य आलं, यायचंच होतं. माणसाला मासा दिलात तर एक दिवस पोट भरतं, मासे पकडायला शिकवलंत तर जन्माचं भागतं. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर पाचूबंदरच्या एक कोळी मावशी बसल्या होत्या, त्या खुदकन हसल्या. बाहेर पडताना मी विचारलं, का हसलात? त्या म्हणाल्या, ‘मासे पकडायला कोणाला शिकवताय रे बाबा?’

जगात इतरत्र ही म्हण चालत असेल. कोकण किनाऱ्यावर ती हास्यास्पद आहे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोळी, खारवी, दालदी, गाबीत यांना मासे पकडायला शिकवणारा अजून जन्माला यायचाय. कातकऱ्याला खेकड्याचं बीळ कुठलं हे शिकवायला कोण जाणार? वीट कशी पाडायची हे भट्टीच्या मालकाला येत नाही, भट्टीवरच्या बाईला येतं. किनाऱ्यावरचा गरीब माणूस अडाणी असेल, आळशी असेल किंवा दुबळा असेल, असं धरून आमच्या सभेतले दोन्ही गट बोलत होते. एकाला त्याची कीव येत होती, दुसऱ्याला त्याला सुधारायचं होतं. तो ज्याचं देणं लागतो त्या माणसाचं नाव दोन तासांत कोणी काढलं नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: इथली गरिबी मुख्यतः देण्याची गरिबी आहे, आणि ख्रिस्ती माणसाला मदत करायची असेल तर त्याने आधी त्या देण्याकडे पाहावं. पिशवी आणि मशीन त्यानंतर.

देणं काम कसं करतं ते पाहा. होडी बांधली की कर्ज, इंजिन बसवलं की कर्ज, जाळं फाटलं की कर्ज. जून-जुलैत मासेमारीला बंदी, घरात येणारा पैसा थांबलेला, आणि बंदी उठायच्या आत डागडुजी, डिझेल, बर्फ यांची सोय लावायची. अशा वेळी दलाल पैसे देतो. पुष्कळदा तो व्याजही मागत नाही, म्हणून तो देवमाणूस वाटतो. अट एकच, म्हावरं त्याच्याकडेच उतरवायचं, भाव तो सांगेल तो. भट्टीवर हीच गोष्ट वेगळ्या कपड्यांत येते. भात संपलेलं आहे, नवं अजून शेतात उभं आहे, त्या दिवसांत मुकादम पाड्यावर येतो आणि हातात उचल ठेवतो. दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भट्टीवर जातं, पावसाच्या तोंडावर परत येतं. मधे एखादं पोर आजारी पडलं तर हिशेब पुढच्या मोसमावर जातो. दोन्ही ठिकाणी कौशल्य आहे, कष्ट आहेत. ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याशी भावावरून किंवा मजुरीवरून भांडायची सोय तेवढी नाही.

मी पस्तीस वर्षं एका पतसंस्थेच्या काउंटरवर बसलो, त्यामुळे मला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. समजा एका बाईने लेकीच्या बाळंतपणासाठी पाच हजार काढले, शेकडा दहाने. हा दर महिन्याचा असतो, वर्षाचा नव्हे. म्हणजे महिन्याला पाचशे नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. आता आपली पिशवी धरा सहाशेची. पिशवी घरात आली, तेवढा किराणा वाचला, आणि वाचलेल्या पैशांतले पाचशे सावकाराकडे गेले. बारा महिने पिशव्या वाटून आपण दान कोणाला केलं? शिलाई मशीनचं गणितही फार वेगळं नाही. तिने दिवसभर खाली मान घालून ब्लाउज शिवले तरी पहिले पाचशे त्याच दारात जाणार. (स्टेशनबाहेर तयार कपड्यांचे ढीग लागलेले असताना तिच्याकडून शिवून घेणार कोण, हा प्रश्न मी इथे सोडून देतो.)

पिशवीवाल्यांची बाजू कच्ची आहे असं मात्र मी म्हणणार नाही. भूक थांबत नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत घुसलं, तेव्हा नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर डोंगर आला. अशा वेळी पत्रे, ताडपत्री, तांदूळ, औषधं घेऊन जो आधी पोचतो तो खरा. तिथे ‘कर्जाची रचना’ वगैरे बोलणाऱ्याला चिखलात ढकलून द्यावं. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात यावर जळजळीत ओळी आहेत: उघड्याला आणि उपाश्याला ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा’ असं नुसतं म्हटलंत तर उपयोग काय? पण वादळ रोज येत नाही, आणि आपली पिशवी रोजच्या गरिबीवर उतारा म्हणून चाललेली आहे. त्यातही एक विचित्र गोष्ट आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात बसणाऱ्या कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३पासून तर फुकट. पाच माणसांचं घर असेल तर पंचवीस किलो. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याच्या घरी आपण आणखी पाच किलो तांदूळ नेऊन टाकतो. ज्याच्याकडे नाही, भट्टीवर फिरत राहिल्यामुळे ज्याचं नावच लागलेलं नाही, त्यालाही आपण तेच पाच किलो देतो आणि वीस किलोंचं नुकसान तसंच ठेवतो. तहसील कार्यालयात त्याच्याबरोबर चार खेपा घालणारा एक माणूस वर्षाच्या सगळ्या पिशव्यांना भारी पडेल. पण त्या खेपांचा फोटो निघत नाही.

सभेत एका ज्येष्ठांनी दुसरा दाखला काढला. ‘गरीब तर नेहमी तुमच्याजवळ असणार, हे प्रभूनेच सांगितलंय.’ अर्थ असा, की फार डोकं चालवू नका, द्यायचं तेवढं द्या आणि मोकळे व्हा. हे वाक्य इतक्या वेळा इतक्या चुकीच्या जागी वापरलं जातं की राग येतो. येशू तिथे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या पंधराव्या अध्यायाची आठवण करून देतो आहे. तो अध्याय उघडून पाहा. त्याची सुरुवातच कर्जापासून होते! दर सातव्या वर्षी कर्जं सोडून द्या. सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरजूला उसनं द्यायला कां-कूं करू नका. देशात गरीब कायम राहणार, म्हणून तर हात उघडा ठेवा. थोडं पुढे, चोविसाव्या अध्यायात, जे लिहिलंय ते मी नोकरीत असताना वसुली विभागाच्या भिंतीवर लावायला हवं होतं. जात्याची तळी गहाण घेऊ नका, कारण ते त्याचं पोट आहे. गरिबाचं पांघरूण तारण म्हणून घेतलंत तर सूर्यास्ताच्या आत परत करा. आणि तारण आणायला गेलात तर त्याच्या घरात शिरू नका, बाहेर उभे राहा, तो स्वतः आणून देईल. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ऋणकोच्या उंबरठ्याचा इतका बारीक विचार केला होता. मत्तयाच्या शुभवर्तमानातली प्रभूची प्रार्थना प्रोटेस्टंट बंधूंच्या जुन्या मराठी बायबलात वाचली तर तिथे शब्द आहेत ‘आमची ऋणे आम्हांस सोड’. आम्ही कॅथोलिक मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ‘अपराध’ म्हणतो. तेही बरोबरच, पण अपराध म्हटलं की माणूस मनात डोकावतो आणि ऋण म्हटलं की वहीत.

मग काय, चर्चने सावकारी करायची? हा आक्षेप त्या दिवशी सगळ्यात मोठ्या आवाजात आला, आणि तो सगळ्यात जुनाही आहे. १४६२ साली इटलीतल्या पेरुजा गावात फ्रान्सिस्कन साधूंच्या पुढाकाराने गरिबांसाठी गहाणवटीची पेढी निघाली. वस्तू ठेवा, थोडके पैसे न्या, नाममात्र व्याज भरा. अशा पेढ्या भराभर पसरल्या आणि चर्चमध्ये अर्धं शतक कडाक्याचा वाद चालला. डॉमिनिकन पंडित म्हणत, व्याज ते व्याज, पवित्र शास्त्रात ते निषिद्ध आहे, मग ते साधूने घेतलं म्हणून पुण्य कसं होईल? फ्रान्सिस्कनांचं उत्तर रोकडं होतं: कारकुनाचा पगार आणि जागेचं भाडं कुठून द्यायचं? पेढी बुडाली तर गरीब पुन्हा त्याच जुन्या दारात जाणार. अखेर १५१५ साली पोप दहावे लिओ यांच्या काळात लॅटरन परिषदेने खर्चापुरतं घेतलेलं पाप नव्हे असा निर्वाळा दिला. आमच्या सभेला हा पाचशे वर्षांपूर्वी मिटलेला वाद पुन्हा पहिल्यापासून घालायचा असेल तर घालू द्या. पुढे १७४६ साली मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली लंडनमध्ये घरोघर फिरून वर्गणी जमवत होता ती याच कामासाठी. गरीब कारागिराला वीस शिलिंगपर्यंत उसने द्यायचे, तीन महिन्यांत थोडे थोडे करून परत घ्यायचे. त्याच्या प्रवचनांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, या शिलिंगांबद्दल त्या मानाने कमी.

याच आक्षेपाचा एक भाग मात्र मला गिळावाच लागतो. गरिबांना कर्ज देण्याच्या नावाखाली काय होऊ शकतं हे आपण २०१०मध्ये आंध्रात पाहिलं. सूक्ष्मकर्ज देणाऱ्या कंपन्यांचे वसुलीवाले दारात बसले, एकीने दिलेलं फेडायला बायांनी दुसरीकडून काढलं, आत्महत्या झाल्या, सरकारला अध्यादेश काढावा लागला. कर्ज म्हणजे औषध आहे आणि त्याची मात्रा चुकते. शिवाय चर्चचा पैसा म्हटला की बुडवायला मन धजतं, फादर काय कोर्टात जाणार आहेत? हे सगळं खरं आहे. म्हणून पैसा कोण देतं यापेक्षा तो कोणाचा आहे आणि नियम कोणी ठरवले याला महत्त्व येतं. जर्मनीतल्या रायफायझनची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १८४६-४७च्या दुष्काळी हिवाळ्यात हा सरळमार्गी, भाविक नगराध्यक्ष लोकांना पावाची सोय करून देत होता. पुढे त्याने सधन लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या मदत-मंडळ्या काढल्या. देणारे काही वर्षं उत्साहाने देत राहिले, मग कंटाळले. देणारे कंटाळतातच, आमच्या सभेतही तेच तर चाललं होतं. १८६४मध्ये त्याने दानाची मंडळी मोडून ऋणकोंचीच मंडळी केली: सभासद तुम्ही, जामीन तुम्ही, बुडालं तर तुमचंच. शेजाऱ्याने म्हैस घ्यायला कर्ज काढलं आणि दारू प्यायला वापरलं हे शेजाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. हा साचा पुढे आपल्याकडे १९०४च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यातून आला.

आणि वसईत कसा आला? १९१८ साली मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बॅसीन कॅथोलिक पतसंस्था उभी राहिली. आज ती बँक आहे, आमच्यातल्या प्रत्येक घरात तिचं पासबुक आहे. एक धर्मगुरू प्रवचनपीठावरून खाली उतरतो आणि शेतकऱ्यांना एकत्र करून पतसंस्था काढतो, याचं आपल्याला आज काहीच आश्चर्य वाटत नाही. माझ्या आजोबांनी विहिरीवर पंप बसवला तो उसन्या पैशांवर, बापाने घर बांधलं ते कर्जावर, मी मुलीला नर्सिंगला पाठवलं तेही कर्जावरच. आम्हांला कोणी तांदळाची पिशवी दिली नाही आणि केळी लावायला कोणी शिकवलं नाही. पत मिळाली, एवढंच. मग पाड्यावरच्या माणसासाठी योजना आखताना आपल्याला आपलाच इतिहास का आठवत नाही? आपण ज्या शिडीने वर आलो ती त्याला दाखवायची नाही, त्याला शिलाई मशीन दाखवायचं, यात कुठेतरी असा समज दडलाय की तो आपल्यासारखा नाही, तो पैसे बुडवणार. आपल्या वाडवडिलांबद्दलही कोणीतरी हेच म्हटलं असणार.

मासेमारीचंच उदाहरण हवं असेल तर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊ. नोव्हा स्कोशियातले कॅथोलिक मच्छीमार शंभर वर्षांपूर्वी असेच व्यापाऱ्यांच्या वहीत अडकलेले होते. जिमी टॉम्पकिन्स आणि मोझेस कोडी या दोन धर्मगुरूंनी त्यांना जाळं टाकायला शिकवलं नाही. त्यांनी स्वयंपाकघरात, माजघरात छोटी अभ्यासमंडळं भरवली आणि एक साधा प्रश्न चघळायला दिला. तुमचा लॉबस्टर गिऱ्हाइकाच्या ताटात ज्या किमतीला पडतो आणि तुमच्या हातात जे येतं, त्यातला फरक कोणाकडे जातो? काही वर्षांत त्या लोकांच्या स्वतःच्या पतसंस्था आल्या, डबाबंदीचे कारखाने आले, लॉबस्टर थेट बोस्टनला जाऊ लागला. असा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर कोणी विचारला नाही असं नव्हे. मच्छीमार सहकारी संस्था आपल्याकडेही आहेत, काही चांगल्या चालतात, काहींत राजकारण शिरलंय. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्डही २०१८-१९पासून लागू झालं. पण ज्याची होडी नाही असा खलाशी, कोळंबी सोलणारी बाई, टोपली घेऊन दारोदार जाणारी, यांच्याकडे दाखवायला कागद कुठला? तिथे पन्नास हजारांचाही प्रश्न नसतो. बर्फाच्या पेटीचा असतो. बर्फ असला तर दुपारी पडेल भावात विकावं लागत नाही.

आता तो आरोप, जो सभेत कोणी बोललं नाही पण बाहेर सगळे बोलतात. ख्रिस्ती माणूस पाड्यावर पाऊल टाकतो तेव्हा त्याच्या पिशवीत तांदळाखाली बायबल असतं. या आरोपावर आमच्यातले बरेच जण नुसते चिडतात. चिडून भागणार नाही, कारण इतिहासात त्याला जागा आहे. दुष्काळात मिशनच्या दारी आलेले लोक पुढे ख्रिस्ती झाले हे घडलेलं आहे, आणि त्यातले किती भाकरीसाठी आले हा प्रश्न मिशनऱ्यांनाही छळत होता. १८७६-७८च्या दुष्काळात तेलुगू प्रदेशातला बाप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाउ याने बकिंगहॅम कालव्याच्या एका टप्प्याचं कंत्राट घेऊन उपाशी लोकांना मजुरी दिली, आणि मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मा देणं बंद ठेवलं. दुष्काळ सरल्यावर १८७८च्या जुलैत एका दिवसात २२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. यातून दोन्ही बाजूंना हवं ते सिद्ध करता येतं, म्हणून मी काहीच सिद्ध करत नाही. खुद्द येशूलाही हा अनुभव आला होता. योहानाच्या शुभवर्तमानात भाकरी खाऊन मागे आलेल्या गर्दीला तो तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरीसाठी आला आहात. आणि वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या ज्या शोमरोन्याचं उदाहरण तो देतो, त्याने त्या जखमी माणसाला धर्म विचारला नाही, आपला सांगितलाही नाही. खाणावळवाल्याला दोन नाणी दिली, ‘जास्त लागलं तर परत येताना देईन’ म्हणाला आणि आपल्या कामाला गेला. माझ्या मते या आरोपाला खरं उत्तर व्यवहाराच्या रचनेतच आहे. फुकट घेतलेल्या तांदळाचं ओझं राहतं. देणारा समोर दिसला की मान खाली जाते, त्याच्या प्रार्थनेला न जाणं कृतघ्नपणा वाटतो. फेडलेल्या कर्जाचं ओझं राहत नाही. शेवटचा हप्ता भरून पावती खिशात घातलेली बाई काउंटरवरून ज्या तोऱ्याने वळते तो मी आयुष्यभर पाहिला आहे. तिचा धर्म बदलायला कोणी जाऊन दाखवावं.

डाव्या मित्रांचा टोला याहून जड आहे. ते म्हणतात, तुमची पेढीही मलमपट्टीच, सावकाराची मानगूट धरल्याशिवाय काही होत नाही. आणि दाखला देतात तो इथलाच. आपल्याच उत्तर कोकणात, उंबरगाव-तलासरीकडे, लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे काढलेला वारली ‘लग्नगडी’ होत असे. नवरा-बायको दोघं जन्मभर त्याच्याकडे राबायची. ती प्रथा कोणा धर्मादाय संस्थेने मोडली नाही. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारल्यांनी ती मोडली. आम्ही चर्चवाले तेव्हा त्या लढ्याच्या अग्रभागी नव्हतो, हे मान्य करायला लाज वाटते, तरी मान्य करतो. १९३३ ते ३९ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून खोतांची जमीन कसायचं नाकारलं, तेही असंच. अन्याय संघटनेने मोडतो. पण मला त्या सहा वर्षांतल्या चुलींचा विचार येतो. संपात ज्याच्या घरी काही आधार आहे तो टिकतो, ज्याच्यामागे तगादा आहे तो पहिला फुटतो. देणं सैल करणं हे लढ्याच्या आड येणारं काम आहे, असं मला वाटत नाही. १९७६च्या कायद्याने वेठबिगाराचं कर्ज मुळातच रद्द ठरवलं आहे. सातव्या वर्षाची वाट न पाहता आपल्या संसदेने अनुवादाचा पंधरावा अध्याय लागू केला म्हणा ना. तो कायदा पाड्यावर वाचून दाखवायला चर्चमधला एखादा वकील रविवारी दोन तास देईल का? की त्यालाही क्रुसाच्या वाटेला जायचंय?

इथवर दुसऱ्यांच्या वह्यांबद्दल बोललो. आमच्या घरी एक वही आहे. आई गेल्यावर कपाट आवरताना सापडली, जपमाळेच्या डबीखाली. आई विन्सेंट डी पॉल सोसायटीची सभासद, महिन्यातून दोन घरांना भेट दिल्याशिवाय तिला झोप लागायची नाही. त्या सोसायटीचा उगमही वादातलाच. १८३३ साली पॅरिसमध्ये ओझानाम नावाचा विद्यार्थी चर्चच्या बाजूने वाद घालत असे, समोरच्यांनी विचारलं की ते सगळं ठीक, पण आज तुम्ही करता काय? तेव्हा तो आणि त्याचे मित्र वाद थांबवून गरिबांच्या घरी जाऊ लागले. तर आईच्या वहीत आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या बाईचा हिशेब होता. सुईण, २००. पावसात छप्पर, ५००. पोराचा ताप, १५०. आणि समोर मजुरीतून कापलेले आकडे, वर्षानुवर्षं, बाकी कधीच शून्य नाही. व्याज नाही, ओरडणं नाही. आईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, मी तिची नड भागवते. तिची मजुरी शेजारच्या वाडीपेक्षा दहा रुपयांनी कमी होती. ती बाई शेजारच्या वाडीत का गेली नाही, हे मला लहानपणी कधी कळलं नव्हतं. आता वही वाचून कळलं.

लेवीय (जुन्या करारातलं आणखी एक पुस्तक) म्हणतो, शेत कापताना कडा सोडून द्या, खाली पडलेलं वेचू नका, ते गरिबांचं आणि परक्यांचं आहे. दया करून द्या असं तो म्हणत नाही, ते त्यांचंच आहे म्हणतो. आणि मजुरी सूर्यास्ताच्या आत द्या, हे तर अनुवादाच्या त्याच अध्यायात आहे, पांघरुणाच्या दोन ओळी खाली. आमच्या धर्मग्रामातली किती घरं वाडीत, बांधकामावर, घरकामाला पाड्यावरची माणसं लावतात? त्यांतल्या किती जणांकडे अशी वही आहे? प्रायश्चित्तकाळाचा संकल्प म्हणून मटण सोडणाऱ्यांनी एक वर्ष वहीतली बाकी सोडून पाहावी, आणि मजुरी शेजाऱ्याइतकी करावी. यासाठी सभा, वर्गणी, योजना, काहीही लागत नाही.

जे सभेत मांडायचं ते मी लिहून काढलं आहे. जमलेल्या पैशांतला एक भाग ज्यांचं रेशनकार्ड नाही त्यांच्या शिध्याला, कार्ड हातात येईपर्यंत. एक भाग आजारपण आणि आपत्तीसाठी राखीव, तो परत मागायचा नाही, कारण कर्जाचं दार बहुतेक वेळा आजारपणातूनच उघडतं. उरलेला फिरत्या कर्जासाठी: आधी सावकाराचं देणं फेडायला, मग बर्फाची पेटी, जाळं, शेळी, जे घेणारा म्हणेल ते. व्याज खर्चापुरतं. पेढी चर्चच्या नावाने नको, चर्चच्या आवारात नको. समितीत निम्मे लोक घेणाऱ्यांतले हवेत, आणि त्यांना ‘लाभार्थी’ म्हणायचं नाही. तीन वर्षं चालवायची, वह्या सगळ्यांसमोर उघडायच्या, बुडाली तर का बुडाली ते प्रवचनात सांगायचं. भेटीला जाणाऱ्या विन्सेंट डी पॉलच्या सभासदांनी प्रार्थनेनंतर एक प्रश्न जास्त विचारायचा: कोणाचं किती देणं आहे?

पुढची सभा येत्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, साडेनऊला. शिलाई मशीनचं कोटेशन आलेलं आहे, ते मंजूर होईल असा रंग दिसतो. मी पाचूबंदरच्या मावशींकडे गेलो आणि म्हटलं, या वेळी मागे बसू नका, पुढे या आणि बर्फाचं तुम्हीच सांगा. त्या म्हणाल्या, ‘येते की. पण साडेनऊला म्हावरं घेऊन बसलेली असते मी. त्या दिवशी आले होते ते होडी गेली नव्हती म्हणून.’ तेव्हा माझी पहिली सूचना सभेची वेळ संध्याकाळची करावी अशी असेल.